डावीकडचं मोकळं टोक

श्रावणातलं ऊन आणि भुरभुर पाऊस एकाच वेळी अंगावर घेत पौर्णिमा मंगरूळपीरच्या फ्लेक्सच्या दुकानात शिरली, ती फक्त पोस्टर न्यायला. भांडण तिच्या मनातही नव्हतं. पण पोस्टर उलगडलं आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"हे काय केलं तुमी? डावीकडल्या चित्रात दोरीचं टोक मोकळं होतं न."

"व्हय... मले वाटलं, घाईत काढाचं राह्यलं तुमचं. म्हणून उजवीकडल्यावानी गुंडाळून देल्लं." मशीनमागचा पोरगा इतक्या निरागस तोंडानं बोलला, की रागवावं कसं, हाच प्रश्न. उत्कर्ष त्याचं नाव, दुकानही त्याचंच.

घ्या आता. पोस्टर उद्या अमरावतीच्या विज्ञान स्पर्धेत लावायचं, आणि या महाशयांनी सगळी शोभा करून ठेवलेली.

"चालू जीन बंद करून टाकला तुमी," ती म्हणाली.

"मी?" तो खरंच घाबरला.

तिला हसू फुटलं. मग तिनं आपली ओलसर ओढणीच काउंटरवर पसरली. "ही आरएनए समजा, जीनचा निरोप नेणारी दोरी. बॅक्टेरियाकडं बी-वन व्हिटॅमिन कमी असलं, की हे टोक मोकळं राह्यते. निरोप पुढं जाते, व्हिटॅमिन तयार होते. पुरेसं झालं, की तेच व्हिटॅमिन इथं, या घडीत येऊन बसते." तिनं घडीत पेनाचं टोपण ठेवलं. "मंग दोरीचा आकार बदलते, टोक गुंडाळल्या जाते, अन् काम बंद. याले रायबोस्विच म्हंतात."

"म्हंजे मधात सांगाले कोणी नसते?"

"कोणीच नाई. त्यानं यावं... अन् हिनं ओळखावं."

बोलून गेली खरी, पण तिचे कान तापले. तो ओढणीकडे नाही, तिच्या बोटांकडे बघत होता. बाहेर पत्र्यावर पाऊस टिपटिपत होता.

त्यानं पोस्टर नव्यानं छापून दिलं. त्याच पोस्टरमुळे तिला हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत पाच वर्षांच्या संशोधनाची जागा मिळाली. तिकडे जाईतोवर मात्र पौर्णिमा आसेगावहून मंगरूळला सारखी काही ना काही छापायला येई. एवढं काय छापायचं असतं हो माणसाला? तो चहा मागवी, बॅक्टेरियाबद्दल काहीबाही विचारी, आणि तिचं बोलणं ऐकताना चहा गार करून टाकी. सगळं बोलायचा पठ्ठ्या, एक तेवढं सोडून. आणि तिला तेवढंच हवं होतं. ते न ऐकता गेली असती, तर हैदराबादेत तिचा जीव रमला नसता.

जायला आठवडा उरला, तेव्हा त्यानं काय करावं? मावशीला, चंदाबाईंना, स्थळ घेऊन थेट आसेगावला धाडलं. पौर्णिमाचे बाबा, देवमन, खूश. आईनं चहा दोनदा केला. "तुहं काय म्हननं हाये?" बाबांनी विचारलं. पौर्णिमानं चपला घातल्या आणि मंगरूळची जीप पकडली.

"मावशीले काहून पाठवलं?"

उत्कर्ष गडबडला. "मले नाई जमत असं बोलनं."

"आरएनएवर तर तासभर बोलता."

"ते तुमचं असते. हे... माहं हाये."

त्यानं मशीन बंद केली.

"पौर्णिमा... तू जा. मी थांब म्हननार नाई. पण माहा जीव हाये तुह्यावर. पाच काय, धा वर्षं लागू दे... मी इथंच हाये."

तिचे डोळे भरून आले. कुठे बघावं, ते तिला कळेना.

"अजून एकदा म्हना," ती हळूच म्हणाली.

त्यानं म्हटलं. या खेपेला न अडखळता, तिच्या डोळ्यांत बघून.

तिनं ओढणीनं डोळे पुसले आणि घरी फोन लावला. "बाबा, मावशी गेल्या का? ...बसवून ठेवा त्यायले. जेवल्याबिगर जाऊ देऊ नका."