ब्रेक न लावता

मी ब्रेकच्या बटणाकडे हात नेला आणि कुणीतरी माझं मनगट धरलं. हातात रबरी मोजा होता, तरी पकड घट्ट होती.

"पाक, हात काढा." आमच्या जावात कुणाही पुरुषाला आदराने पाक म्हणतात.

मी वळून पाहिलं. पांढरा कोट, डोक्याला फिकट निळा रुमाल, कपाळावर आठी. पुर्वोकेर्तोच्या रक्तपेढीत मी त्या दिवशी पहिल्यांदाच आलो होतो, तेही तिथे नेहमी जाणारा आमचा मेकॅनिक तापाने पडला म्हणून. आमची कंपनी रक्त फिरवायचे सेंट्रिफ्यूज विकायची आणि मी ते दुरुस्त करायचो.

"यंत्र थांबायला फार वेळ घेतंय," मी म्हणालो. "ब्रेक गेलाय बहुतेक."

"गेला नाही. मी बंद ठेवलाय." तिने मनगट सोडलं. "आत रक्ताचे थर वेगळे झालेत. लाल खाली, पिवळं वर. झटक्यात थांबवलं की सगळं परत कालवलं जाईल. तुम्हाला घाई असेल तर समोर मेंदोआनची गरम भजी मिळतात. खाऊन या."

"एकट्याने?"

तिच्या कपाळावरची आठी गेली.

तिचं नाव वेनिंग. पावसाचे दिवस होते, गावात डेंगूची साथ होती आणि दवाखान्यांतून प्लेटलेट्सची मागणी सारखी येत होती. पेढीत रक्तातून त्या वेगळ्या करणारं यंत्र एकच. ते बिघडू नये म्हणून मी अधूनमधून येऊन बघावं, असं ठरलं. मी जरा जास्तच अधूनमधून यायला लागलो. कधी झाकणाच्या रबराला ग्रीस, कधी मोटरचे ब्रश, कधी नुसताच आवाज ऐकायला.

पेढीच्या प्रमुख होत्या बू सुमियाती, म्हणजे सुमियातीबाई. त्या म्हणायच्या, "या यंत्राला माझ्या सासूपेक्षा जास्त डॉक्टर लागतो."

"जुनं आहे, बू."

"सासूही जुनीच आहे. तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही."

वेनिंग मान खाली घालून रक्ताच्या पिशव्या तोलत असायची. पिशव्या ठेवायच्या समोरासमोरच्या दोन कपांचं वजन सारखं लागतं, नाहीतर यंत्र थडथडतं. हलक्या बाजूला ती रबराचे तुकडे टाकायची. ते तुकडे झिजलेले दिसले म्हणून मी सायकलच्या जुन्या ट्यूबमधून नवे कापून आणले. कडा घासून गोल केल्या, पिशवीला टोचू नयेत म्हणून.

तिने एक तुकडा बोटांत फिरवून पाहिला. "लोक फुलं आणतात, पाक दार्सोनो."

"फुलांचं वजन भरत नाही, म्बाक," मी म्हणालो. तरुण बाईला आम्ही आदराने म्बाक म्हणतो.

ती हसली... आवाज न करता, नुसते खांदे हलले.

आमचं बोलणं व्हायचं ते यंत्र थांबेपर्यंतच. मोटर बंद झाली की चाक आपल्या वजनाने फिरत राहायचं, घरघर हळूहळू खाली यायची. झाकण उघडता येत नाही, दुसरं काम घेता येत नाही. तेवढा वेळ आमचा. ती स्टुलावर, मी जमिनीवर हत्यारांच्या पेटीशेजारी. तिच्या वडिलांचं भातशेत, माझी खोली, कुणाच्या घरचा भात चिकट होतो... असलंच काहीतरी. घरघर थांबली की ती उठायची आणि मी पेटी बंद करायचो.

एका सकाळी मी आतलं चाक बाहेर काढून पुसत होतो. कप बसतो त्या खोबणीत खड्डे दिसले. नख फिरवलं, ते अडकलं. बारीक चीर होती, केसाएवढी.

मी फडकं खाली ठेवलं. हे चाक आता मिळत नव्हतं. म्हणजे यंत्रच जाणार, नवं येणार. ते आमच्याच कंपनीचं असेल असं नाही. आणि नसलं तर मला या खोलीत पाऊल टाकायचं निमित्त उरणार नव्हतं. चीर माझ्याशिवाय कुणाला दिसणारही नव्हती.

वेनिंग पिशव्या घेऊन आली. "बसवा ना पाक, दवाखान्यातून दोन फोन आलेत."

"हे आता फिरवायचं नाही," मी म्हणालो. "फुटलं तर झाकण तोडून बाहेर येईल. तुम्ही बाजूलाच बसता."

तिने वाकून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. "नक्की?"

"नक्की."

त्या दिवशीचं रक्त शेजारच्या गावच्या पेढीत पाठवलं. नव्या यंत्रासाठी दोन कंपन्यांची माहितीपत्रकं आली, एक आमचं, एक दुसऱ्यांचं. वेनिंगने दोन्ही माझ्यापुढे ठेवली.

"खरं सांगा. कुठलं घेऊ?"

"दुसऱ्यांचं," मी म्हणालो. "आमच्या नव्या यंत्राचा ब्रेक पूर्ण बंद होत नाही. प्लेटलेट्सना त्यांचंच बरं. त्यांचा माणूसही इथलाच आहे, हाक मारली की येईल."

बू सुमियातींनी चष्मा वर केला. "पोरा, तुझा पगार कोण देतं रे?"

नवं यंत्र आलं. मी आमचं जुनं न्यायला गेलो, तेव्हा नव्याची पहिली फेरी संपत आली होती. मोटर बंद झालेली, चाक अजून फिरत होतं. वेनिंग स्टुलावर बसली होती. मीही खाली बसलो, सवयीने.

"आवाज कमी आहे," मी म्हणालो.

"हं."

"थांबायलाही वेळ घेतंय. चांगलं आहे."

"हं." ती झाकणाकडे बघत होती. "म्हणजे आता तुम्हाला इथे यायला कारण नाही."

"नाही."

घरघर खाली खाली येत गेली. चाक थांबलं. ती उठली नाही.

"मग उद्या बिनकारण या ना... मास."

पाक मला सगळेच म्हणायचे. मास ही जवळच्या माणसाला मारायची हाक; त्या आवाजात ती मला कुणी मारली नव्हती. मी दुसऱ्या दिवशी गेलो. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. पुढल्या भाताच्या कापणीनंतर आमचं लग्न झालं.

संसार सुखाचा झाला. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

मग तिला रक्ताचाच आजार झाला. तिला प्लेटलेट्स द्याव्या लागायच्या, आणि त्या तिच्याच पेढीतून यायच्या. पिशवी आली की ती नर्सला म्हणायची, "जरा उजेडात धर गं." हळूच हलवायला लावायची. आत रेशमासारख्या लाटा उठायच्या. मग ती समाधानाने उशीवर टेकायची.

"बघा, मास. चांगल्या आहेत. कुणीतरी थांबलं होतं."

रक्त देणारे कोण, ते मला माहीत नाही. ते फिरवणारं कोण, तेही नाही. पण त्यांच्यामुळे आम्हाला आणखी एक सुगी एकत्र बघता आली. तिच्या वडिलांच्या बांधावर बसून आम्ही मेंदोआन खाल्ले आणि मिरची तिने माझ्या वाटणीचीही खाल्ली. पुढची सुगी मी एकट्याने पाहिली.

काल मी मेंदोआनचा पुडा घेऊन पेढीत गेलो. स्टुलावर एक अनोळखी मुलगी बसली होती. यंत्र मंदावत होतं आणि तिचे हात मांडीवर होते.

"पाक, काही काम होतं का?"

"नाही गं," मी म्हणालो आणि बाकावर बसलो. "बिनकारण आलोय."