आधी डोकी मोजा!

"गाडी थांबवा! आजोबा मागे राहिलेत!"

ठिणगी सीटवर उभीच राहिली. सहलीची बस घड्याळाच्या मनोऱ्यापासून निघून पहिल्या वळणावर आली होती, आणि पुढच्या खिडकीजवळची आजोबांची जागा रिकामी होती.

गाईडने मागे वळूनही पाहिलं नाही. "खाली बस. टोप्या पूर्ण आहेत."

झालं! ठिणगीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वर्गाने तिला हे नाव उगाच नव्हतं ठेवलं. हिवाळ्याच्या सुट्टीत तिची मावशी तिला आणि तिच्या दोन दोस्तांना मोठं शहर दाखवायला घेऊन आली होती. एक चष्मिस, आणि दुसरा भोंगा, ज्याची कुजबुज शेजारच्या वर्गातही ऐकू जायची. आज शहर नुसतं नटलं होतं. रस्तोरस्ती पताका, दुकानांवर दिव्यांच्या माळा, आणि संध्याकाळी मोठ्या चौकातले सगळे दिवे एकदम लागणार होते. तो सोहळा गाठायचा म्हणून गाईडची सकाळपासून नुसती पळापळ चालली होती.

या गाईडची एक पद्धत होती. सकाळी त्याने प्रत्येकाला लाल लोकरी टोपी दिली. प्रत्येक ठिकाणाहून निघताना तो दारात उभा राहून त्या लाल टोप्या मोजायचा आणि ओरडायचा, "टोप्या पूर्ण!" त्याशिवाय ड्रायव्हरकाका गिअरला हात लावत नसत. माणसांच्या तोंडाकडे बघायचं कारणच नव्हतं.

सहलीला एकट्याच आलेल्या आजोबांशी मात्र मुलांची सकाळीच गट्टी जमली होती. त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून भोंग्यावर त्यांचा फार जीव. "या पोराचं बोलणं कसं स्वच्छ ऐकू येतं," म्हणाले होते. उभा जन्म त्यांनी नदीवरचा पूल रंगवला होता, दोराला लटकून. पण तो अख्खा पूल वरून कसा दिसतो, ते कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यासाठी त्यांनी या सहलीचं तिकीट काढलं होतं.

आणि मनोरा आज सणामुळे लवकर बंद झाला! घंटा झाली, सगळे भराभर खाली उतरले, राखणदाराने दाराला कुलूप ठोकलं. नदी दिसते ती बाजू मागची. तिथे उभ्या असलेल्या आजोबांना घंटा कुठली ऐकू यायला?

"पण टोप्या पूर्ण भरल्याच कशा?" चष्मिस पुटपुटला आणि एकेक सीट न्याहाळू लागला. शेवटच्या सीटवर एक छोटी मुलगी बसली होती. तिच्या मांडीवर कापडी अस्वल होतं, आणि अस्वलाच्या डोक्यावर लाल टोपी.

"आजोबांनी दिली," छोटी म्हणाली. "म्हणाले, याला थंडी वाजतेय."

ठिणगीने ते अस्वल उचललं आणि गाईडच्या नाकासमोर धरलं. गाईड क्षणभर चपापला, पण हार मानतो कसला! म्हणाला, म्हातारबुवा याच शहरातले, गेले असतील घरी चालत. मनोऱ्यावर फोन तरी करा, असं ठिणगीने म्हटलं, तर सुट्टीच्या दिवशी फोन कोण उचलणार म्हणे. वर म्हणाला, मागे फिरलो तर दिवे चुकतील, मग सगळे माझ्याच अंगावर येतील. बाकीची मोठी माणसं खिडकीबाहेर बघू लागली. मावशीनेही ठिणगीचा हात धरून तिला खाली बसवलं. "मोठ्यांना उलट बोलू नये गं. त्यांचं रोजचं काम आहे हे."

ठिणगीच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाने. बाहेर धुकं उतरत होतं. वर त्या उघड्या सज्जात वारा कसा बोचत होता, ते तिला आठवलं. तिथे आजोबा रात्रभर राहिले तर?

"रडून काय होणार?" चष्मिस तिच्या कानाशी म्हणाला. "गाडी कशाने हलते सांग."

ठिणगीने डोळे पुसले. मग तिघांची डोकी एकत्र आली.

पुढच्या चौकात जुना राजवाडा बाहेरून बघायचा होता. फोटो काढून सगळे परत गाडीत चढले. गाईड दारात उभा राहून मोजू लागला आणि अडखळला. पुन्हा मोजलं. पुन्हा कमीच!

"टोप्या घाला," तो खेकसला.

"नाही घालणार," ठिणगी म्हणाली. तिघांच्या टोप्या त्यांच्या बुडाखाली होत्या. "आधी डोकी मोजा. आजोबा धरून."

गाईडने ड्रायव्हरकाकांना गाडी काढायला सांगितलं. ड्रायव्हरकाकांनी शांतपणे हाताची घडी घातली. टोप्या पूर्ण म्हटल्याशिवाय गाडी काढायची नाही, हा नियम तुमचाच, असं त्यांनी सुनावलं. गाईड मावशीकडे वळला. पोरांना जरा वळण लावा म्हणाला.

मावशीने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा त्या रिकाम्या खिडकीकडे. मग आपली टोपी काढून पर्समध्ये टाकली.

मागून छोटीने अस्वलाची काढली. तिच्या आईने आपली काढली. बघता बघता अख्ख्या बसमध्ये एकही लाल टोपी उरली नाही! गाईडचा चेहरा बघण्यासारखा झाला. आता मोजायला डोकीच होती. त्याने ती बोट लावून मोजली, आणि शेवटी त्याचा आवाज खाली आला. "एक कमी आहे."

गाडी वळली.

मनोऱ्याचा राखणदार समोरच्या टपरीवर चहा पीत बसला होता. वर चिटपाखरूसुद्धा नाही, घंटा मी स्वतः वाजवली, असं छातीठोकपणे सांगू लागला. भोंग्याने वर तोंड करून अशी काही आरोळी ठोकली की टपरीवरचे कप थरथरले. पण इतक्या उंचीवर आजोबांना भोंगाही ऐकू जाईना.

"टोप्या!" ठिणगी ओरडली. "हलवा सगळ्यांनी!"

सगळी बस खाली उतरली आणि लाल टोप्या डोक्यावर धरून हलवू लागली. धुक्यात वर काहीतरी हललं. एक राखाडी मफलर! राखणदाराच्या हातातला कप तसाच राहिला. चहा टाकून तो किल्ल्या घेऊन धावला.

आजोबांना खाली आणलं तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते. मावशीने त्यांना शाल गुंडाळली, गाईडने आपला कोट काढून दिला. गरम चहाचे दोन घोट पोटात गेल्यावर ते बोलू लागले.

"पूल पाहिला. दिवे लागले होते त्याच्यावर. फार देखणा दिसतो रे वरून." मग हसून म्हणाले, "आपली बस जातानाही दिसली. म्हटलं, म्हाताऱ्याची कुणाला आठवण राहायची?"

"आम्हाला!" ठिणगी अशी उसळून म्हणाली की आजोबांना भोंग्याची मदत लागली नाही. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

मावशी तिच्याजवळ आली. "मघाशी उलट बोलू नको म्हणाले ना मी? ते मागे घेते," म्हणाली. "शाबास गं माझी बाय."

चौकातले दिवे लागून गेले होते, पण कुणी तक्रार केली नाही. निघताना गाईड एकेका सीटपाशी थांबला, प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत आणि डोक्याला हात लावत मोजत गेला. आजोबांपाशी आला तेव्हा मान खाली घालून म्हणाला, "चुकलं माझं." मग दारात उभा राहिला आणि नेहमीसारखं ओरडायला तोंड उघडलं, पण थबकला. त्याने ठिणगीकडे पाहिलं. ठिणगीने मान डोलावली.

"माणसं पूर्ण," तो म्हणाला, आणि ड्रायव्हरकाकांनी गाडी सुरू केली.