हातात धरायचा शब्द

‘एक खुर्ची.’ चिनी भाषेच्या वर्गात त्याला एवढंच म्हणायचं होतं... आणि तो पुन्हा चुकला.

“‘ग’ नाही हो, ‘बा’!” शेजारून ती कुजबुजली. “आकडा आणि वस्तू यांच्यामध्ये एक शब्द लागतो ना? जे हातानं धरून उचलायचं, त्याला ‘बा’. सुरी, छत्री, किल्ली...”

“पण खुर्ची?”

“पाठीला धरून उचलतोच की!”

“अस्सं—” तो असा हसला, की तिनं उगाचच वही चाळली.

ती वडिलांच्या कुलपांच्या दुकानात बसायची. माल चीनहून यायचा, म्हणून हा खटाटोप. पण हा कोण, कुठला, काहीच ठाऊक नाही. वर दुकानाच्या चौकशा फार. माल कोण पाठवतं? कुलपालाही ‘बा’च का?

“समोरच्या कुलूपवाल्यानं पेरलाय त्याला,” ताई म्हणाली. “गोडबोल्यांपासून चार हात लांब राहावं.”

तिनं हसण्यावारी नेलं. पण मनात पाल चुकचुकलीच.

मग एका संध्याकाळी तो जिन्यात फोनवर बोलताना दिसला. चिनीत! घडाघडा... आणि ‘बा’ अगदी जिथल्या तिथं.

“कुणी पाठवलंय तुम्हाला?” तिनं वाटच अडवली.

तो दचकला. “कुणी नाही. बाबांची नोकरी तिकडे होती, लहानपण तिथंच गेलं. इथं शिकवायचं काम मागायला आलो, तर तू सरांशी भांडत होतीस, खुर्ची आणि सुरी एका माळेत कशी म्हणून... मी फी भरून आत बसलो.”

“आणि त्या चुका?”

“बरोबर बोललो असतो, तर तू माझ्याशी कशाला बोलली असतीस?”

“म्हणजे मी जीव तोडून शिकवत होते, आणि तुम्ही मजा बघत होतात!”

त्याचं हसू मावळलं. “हे मात्र खरंच चुकलं माझं.”

“आणि दुकानाच्या चौकशा?”

“तुझ्याबद्दल विचारायचा धीर नव्हता... म्हणून कुलपांबद्दल विचारायचो.”

ती तरातरा खाली उतरली. थांबली. मागे न वळताच म्हणाली, “एक वाक्य बोला. न चुकता.”

तो बोलला. तिला त्यातला फक्त ‘तू’ कळला.

“अर्थ?”

“उद्याच्या तासाला सांगतो—”

“आत्ता!”

तो जवळ आला. त्यानं सांगितला, अगदी हळू...

घरी ताई वाटच बघत होती. “काय निघाला?”

“लबाड निघाला.”

“बघ! मग?”

“मग काय... रविवारी चहाला येतोय. बाबांना तू सांग.”