जिन्यातला वास

"शी! शी! शी!" नकटीनं फ्रॉकच्या टोकानं नाक दाबलं. "जिन्यात कोण मेलंय?"

"नुसतं शी नको, हाऊ लाव!" चष्मिसनं आठवण करून दिली.

सुट्टीला मावशीकडे राहायचं, तर रोज एक नवा 'हाऊ' वापरायचा, अशी अटच होती. मावशी इंग्रजीची शिक्षिका! हाऊ म्हणजे कसं, झालं, असं तिघा भावंडांना वाटलं होतं. पण मावशीच्या पोतडीतून रोज वेगळाच हाऊ निघे.

"हाऊ डिस्गस्टिंग!" ताई उमासा गिळत म्हणाली.

तेवढ्यात इमारतीचे सेक्रेटरी पोतं घेऊन आले. "ही सगळी घाण तुमच्या त्या मनी मांजरीची! संध्याकाळी लांब सोडून येणार तिला."

"काका, अहो पिल्लांचे डोळेसुद्धा उघडले नाहीत अजून! आईशिवाय मरतील ती!" ताई कळवळून म्हणाली.

"हाऊ डेअर यू! मला उलट बोलता?" सेक्रेटरी तणतणत निघून गेले.

"या हाऊला उत्तर नसतं," चष्मिस पुटपुटला.

"मग उत्तर असलेले काढा की!" ताई म्हणाली. "हाऊ फार? किती लांबून येतो हा वास?"

नकटी हुंगत निघाली. मनी राहायची तळाशी, जिन्याखाली. तिथे नुसता दुधाचा वास! वर जावं तसा दर्प दाट होत गेला. वरच्या वळणावर ती भिंतीपाशी थबकली. "ओकू का इथेच?"

"आजोबा, हाऊ लाँग? कधीपासून येतोय हा वास?" ताईनं शेजारच्या आजोबांना विचारलं.

"हा गिलावा झाल्यापासून, बाळ. उंदरांचं बीळ होतं इथं. सेक्रेटरींनी स्वतःच्या हातानं सिमेंट भरलं!"

"हाऊ कम? असं कसं?" चष्मिसनं डोकं खाजवलं. "बीळ बुजलं, मग उंदीर कुठून बाहेर पडले?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"ईऽऽऽ!"

आजोबांनी हातोडी आणली, मावशीनं सेक्रेटरींना बोलावून आणलं. गिलाव्याचं ढेकूळ पडलं आणि मागोमाग ओला, फुगलेला, अळ्यांनी वळवळणारा गोळा! नकटी खरंच ओकली.

"आत कोण आहे, ते पाहिलंच नाही मी," सेक्रेटरींचा चेहरा पडला.

"आणि शिक्षा मनीला?" मावशी कडाडली. मग ओल्या टॉवेलनं तिनं हळूच नकटीचं तोंड पुसलं. "शाबास गं, माझ्या नाकाची राणी! शाबास रे पोरांनो!"

"मोठ्यांची नाकं नुसती मुरडायला!" आजोबा हसले.

सेक्रेटरी पोतं टाकून जिन्याखाली वाकले. "काय मनीबाई... हाऊ आर यू?"

"मावशी, याचं उत्तर कुणी ऐकून घेत नाही ना?" नकटीनं विचारलं.

"आज ऐकावं लागेल."

पिल्लांवर पंजा ठेवून मनी म्हणाली, "फिस्स!"