मोरीतली हाक

शकू त्या दिवशी धरणावर गेली ती ग्रीसचा डबा आणि चहाचा थर्मास घेऊन. दुपारची वेळ, श्रावण महिना. धरणाच्या दाराच्या चाकाचे दात पावसाने कुरकुरायला लागले होते, त्यांना ग्रीस फासायचं, एवढंच काम. अशा बाईच्या वाट्याला असली गोष्ट यायचं काही कारण नव्हतं. पण तुम्ही विचारलंतच, तर दिवा जरा मोठा करा आणि ऐका.

चांदीप गावाच्या वर, डोंगराच्या कुशीत हे धरण. प्यायला नाही, शेतीला नाही. नुसतं पूर अडवायला. डोंगराचं पाणी एकदम खाली वस्त्यांत घुसू नये म्हणून ते धरून ठेवायचं आणि बेताबेताने सोडायचं. मातीचा बांध, मधोमध लोखंडी दार, दाराखाली पाणी जायचा बोगदा, म्हणजे मोरी, मोरीतून पुढे ओहोळ. दार हाताने चाक फिरवून उचलायचं. शकूच्या माहेरी खाडीच्या बांधांवर दारं राखायचं काम पिढीजात, म्हणून तिला इथे ठेवलेली.

आता तुम्ही म्हणाल, धरणाच्या पोटात गाव बुडालं असेल, देऊळ बुडालं असेल. छे! काही बुडालेलं नाही. नवंकोरं धरण, त्यात साधं कुत्रंही मेलेलं नाही. आणि तीच तर गोम होती. खालच्या वस्तीतला म्हातारा शांताराम पहिल्या दिवसापासून बडबडायचा, "नवा बांध मानूस घेतल्याबिगर बसत नाय." शकू कसली ऐकतेय! ती तोंडावर म्हणायची, "मग तुमी जावा की काका. तुमचं वयबी झालंय."

खाडीवरची एक रीत मात्र ती सोबत घेऊन आली होती. दार उचलायच्या आधी ओहोळाकडे तोंड करून हाळी द्यायची, "पानी येतायऽऽ होऽऽ!" खाली साकवावर, म्हणजे ओहोळावरच्या छोट्या पुलावर, घरातलं कुणीतरी उभं असतं. ओहोळात माणूस नाही, ढोर नाही, हे डोळ्यांनी बघून ते उलट हाळी देतं, "मोकळाऽऽ हाय!" ती आल्याशिवाय चाकाला हात नाही. आणि हाळीत नाव घ्यायचं नाही, नातंसुद्धा नाही. पाण्यासमोर नाव घेतलं की पाण्याला ते पाठ होतं, असं तिच्या बापाने शिकवलेलं. धरणावर भोंगा होता, पण वीज गेली की तो मुका. आणि पावसात आपल्याकडे वीज किती टिकते ते मी सांगायला नको.

ग्रीस फासून होतंय तोच डोंगरावर आभाळ फाटलं. काय तो पाऊस! भर दुपारी कंदील लावावा असा काळोख झाला. तलावाचं पाणी फुगत फुगत बांधाच्या कडेजवळ आलं, आणि त्याला एक वास सुटला, ओल्या लोखंडाचा. सांडोर गावचा मर्विन, धरणावरचा तरुण इंजिनियर, पाणी मोजायची पट्टी बघून धावतच वर आला.

"मावशी, दार उचलायला हवं. पाणी बांधावरून गेलं तर सगळी माती वाहून जाईल. खाली पाडे आहेत..."

"हाळी देते," शकू म्हणाली.

साकवावर तिचा कल्पेश होता, एकुलता एक. भाजी घेऊन परतणाऱ्या बाया ओहोळातूनच वाट काढतात, त्यांना अडवायला आईनेच त्याला पाठवलेला. वीज गेलेली, मोबाइलला रेंज नव्हती. आता दार लवकर उघडलं आणि तो बायांना अडवायला ओहोळात उतरला असला, तर पोरगा जातो, उशीर झाला तर पाडे जातात. तिने ओहोळाकडे तोंड केलं, आणि आवाज खणखणीत निघाला.

"पानी येतायऽऽ होऽऽ!"

लगेच उत्तर आलं. "मोकळाऽऽ हाय..."

कल्पेशचाच आवाज. मर्विनने सुटकेचा श्वास टाकला आणि चाक धरलं. "आला की! चला मावशी, लावा जोर."

शकू हलली नाही. "कुठून आला, सायेब?"

मर्विनने हात वर केला तो तलावाकडे. आणि हात तसाच राहिला.

"प्रतिध्वनी असेल..." तो पुटपुटला.

"मग तो मागून यील. आदी खालून याया नको?"

तिने पुन्हा हाळी दिली. या वेळी उत्तर जवळून आलं, बांधाला घासून, पाण्याच्या अगदी कडेवरून. "मोकळा हाय... आई..."

मर्विनने गळ्यातला क्रूस मुठीत धरला. शकूला भीती वाटली का? वाटली हो. पण भीतीच्या वर चढला तो राग. ती तलावाकडे वळली, पदर कमरेला खोचला आणि भांडायला उभी राहिली.

"आई कोनाला म्हनतोस रे? नवा बांध मानूस मागतो म्हनं. माग! तोंड फाटेस्तोवर माग. माझ्या हातून मिळनार नाय!"

पाणी क्षणभर गप्प झालं. पावसाचा आवाज चालू होता, पण तलावावर एक थेंबही वाजत नव्हता.

पाणी आणखी चढलं, बांधाच्या काठाला आता वीतभरच उरलं. मर्विन पट्टीकडे बघत होता, तिच्याकडे बघत होता, आणि त्या पोराचं मोठेपण की "उचला" हा शब्द त्याने पुन्हा काढला नाही. तिने तिसऱ्यांदा हाळी दिली. घसा सोलून निघाला. मग खाली, लांब, साकवाच्या अंगाने, पावसात विरत विरत आलं...

"मोकळाऽऽ हाऽऽय!"

नाव नाही, नातं नाही. शकूने चाकावर अंग टाकलं. दोघांनी मिळून फिरवायला घेतलं. दार कण्हलं, वर सरकलं, आणि तेवढ्यात पायाखालून, मोरीच्या तोंडातून आवाज आला.

"आई... थांब. मी हितं हाय. आई..."

मर्विनचे हात सुटले. "मावशी, कल्पेश! खाली कल्पेश आहे!"

"नाय."

"आणि असला तर...?"

शकूला ठाऊक होतं की दारावर कल्पेश तिला आई म्हणणार नाही. पण ठाऊक असणं डोक्यात असतं, आणि ती हाक पोटात जात होती. रडत, शिव्या घालत ती एकटी चाक फिरवत राहिली. मग मर्विननेही दात-ओठ खाऊन पुन्हा हात घातला. पाणी मोरीत कोसळलं. एक किंकाळी उठली, आणि ती थेट कल्पेशच्या आवाजातली होती.

त्यानंतर शकू बांधावर बसून राहिली. साकवाच्या वाटेकडे बघायची तिची छाती होईना. पाणी उतरायला लागल्याचं मर्विन सांगत होता, ते तिला ऐकू येत नव्हतं.

बऱ्याच वेळाने चिखलात माखलेला कल्पेश बांध चढून वर आला. तिने त्याचं तोंड चाचपलं, कान चाचपले, एक थोबाडीत दिली आणि मग गळ्यात पडली.

"आवाज द्यायला इतका येळ?"

"मी ओहोळात होतो," तो कापत म्हणाला. "तूच बोलावलंस ना? मोरीतून. नाव घेऊन. मी निघालोसुद्धा. मग म्हटलं, ही दारावर कधी नाव घेत नाही... तसा वर चढलो, साकवावर गेलो नि हाळी दिली. पण माझ्या पुढे जो होता तो नाही थांबला."

"कोन पुढं?"

"पाठमोरा होता. माझ्यासारखाच चालत होता. 'आई, आई' करत मोरीत शिरला."

मर्विनने डोळे मिटून घेतले.

"त्याची आई मी नाय," शकू म्हणाली.

मग तिने थर्मासमधला चहा पोराला पाजला. पाणी उतरेपर्यंत तिला दारावरच थांबायचं होतं. "तू घरी जा. वाटंत कुठं थांबू नको, मागं बघू नको. हाक आली तर ओ द्यायची नाय."

"कोणाची हाक?"

शकूने तलावाकडे पाहिलं. पाणी आता शांत होतं.

"माझी आली तरी," ती म्हणाली.