चार काळे, आठ घरं

फोडलेला चिंचोका निसटून बांबूच्या तट्टीखाली गेला. काढायला मी हात घातला, तर पलीकडून कुणीतरी तो आधीच धरलेला...

"प्रधानबाई, तुमच्या वर्गातला एकजण पळून आलाय वाटतं?"

आवाज नवा होता. चौथीवर कालच रुजू झालेले गुप्ते मास्तर. एका दिवसात माझं नाव कुठून मिळवलं, देव जाणे!

"द्या इकडे. हजेरी घ्यायचीय त्याची."

"आणि नाही दिला तर?"

"तर पोरांची बेरीज चुकेल. पाप तुमच्या माथी."

चिंचोका परत आला आणि मागोमाग तट्टीवरून एक हसरा चेहरा डोकावला. मी उगाचच पदर सारखा केला.

डोंबिवलीतल्या लोकल बोर्डाच्या शाळेत बालवर्ग माझ्याकडे होता, तोही तात्पुरता. पोरं पाढे अगदी छप्पर हलेल असे म्हणायची, पण "चार आणि तीन किती?" विचारलं की त्याच छपराकडे बघत बसायची. म्हणून मी जमिनीवर खडूने घरं आखली. चार फोडलेले चिंचोके टाकायचे, जितके पांढऱ्या बाजूने पडतील तितकी घरं पुढे जायचं. बेरजेला रडणारी ठमा आठवड्याभरात चिंचोके स्थिरावायच्या आधीच ओरडू लागली, "तीन! आता मी सातव्या घरान!" ते ऐकताना मला जो आनंद व्हायचा, तो कुणाला सांगूनही पटला नसता. हेडमास्तरांना तर नाहीच. ते म्हणायचे, "बाई, शाळा चालवता की जुगाराचा अड्डा?"

फाल्गुनात शाळाखात्याचे दिपोटी साहेब तपासणीला यायचे होते. त्यांचा शेरा चांगला पडला तर नोकरी कायम, नाहीतर अण्णांनी माझ्यासाठी इंदूरचं एक स्थळ बघून ठेवलंच होतं. वडिलांचा शब्द मोडणं मला जमलं नसतं, आणि वर्ग सोडणंही.

मधल्या सुट्टीत गुप्ते मास्तर पोरांत येऊन बसायला लागले. मांडी ठोकून, धोतराला खडू लागला तरी पर्वा नाही. एकदा चारही चिंचोके काळे पडले.

"शून्य," मी म्हणाले.

"शून्य? हा कुठल्या गावचा नियम? चार काळे पडले की आठ!"

"मास्तर, इथे आम्ही बेरीज शिकतो, पट खेळत नाही."

"अहो, पण ज्याचं सगळंच पालथं पडतं... त्याला काही जास्त मिळायला नको का?"

बोलताना ते हसत होते, डोळे मात्र हसत नव्हते. मी वाद सोडला. मला तो नियम आवडला, आणि खरं सांगायचं तर तो सांगणाराही. त्या दिवसापासून चार काळे पडले की बालवर्ग "आठ!" म्हणून नाचायला लागला आणि तट्टीपलीकडून कुणीतरी हळूच टाळी वाजवायला लागलं.

तपासणीच्या दिवशी साहेबांनी पाढे ऐकले, मान डोलावली. जाता जाता त्यांची नजर खडूच्या घरांवर गेली. त्यांनी चिंचोके उचलले, विचारलं, मी खेळ सांगितला, आणि त्यांनी स्वतःच टाकले. चारही काळे.

"बोला मुलांनो, पांढरे किती?"

"आठ!" सगळा वर्ग एका सुरात.

साहेबांच्या भुवया वर गेल्या. हेडमास्तर माझ्याकडे असे बघत होते, की इंदूरच्या गाडीत बसवूनच आले असते. तेवढ्यात गुप्ते मास्तर दारात येऊन उभे राहिले.

"साहेब, चूक बाईंची नाही. आठाचा नियम मी शिकवला. शेरा मारायचा तर माझ्यावर मारा."

त्यांचीही नोकरी नवीनच. हा माणूस माझ्यासाठी आपलं नुकसान करून घेत होता... ते बघून मी ठमाला पुढे बोलावलं.

"ठमे," मी म्हणाले, "नीट बघ. पांढरे किती आहेत?"

"एक पन नाय, बाय!" ठमाला माझ्या अज्ञानाची कीव आली असावी. "एक पन नाय, म्हनून तर आठ घरां चालाची!"

साहेब खाली बसले. "आणि पुन्हा चार काळे पडले तर?"

"सोला!"

"त्यातली तीन घरं मागे यायला लागली तर?"

ठमाने घरांवर बोट फिरवलं. "तेरा!"

साहेब मोठ्याने हसले. जाताना हेडमास्तरांना म्हणाले, "बाईंना कायम करतो. पण त्यांना खडवलीला पाठवू. तिथे पोरं शाळेत टिकत नाहीत, अशीच बाई हवी."

जे हवं होतं ते मिळालं आणि मला रडू यायला लागलं. खडवली म्हणजे कल्याणच्याही पुढे. तिथे तट्टीपलीकडे कोण असणार होतं?

शाळा सुटल्यावर मास्तर चिंचेखाली थांबलेले दिसले.

"अभिनंदन," ते म्हणाले.

"तुम्हाला... बरं वाटलं?"

"नाही," ते म्हणाले. मग जमिनीकडे बघत, "खडवलीची शाळा दोन शिक्षकांची आहे. दुसरी जागा रिकामी आहे. मी साहेबांकडे मागितली."

"मग?"

"त्यांनी विचारलं, डोंबिवली सोडून तिकडे कशाला जाता? मी म्हटलं, कारण विचारून उद्या सांगतो."

"विचारून? कुणाला?"

"तुम्हाला."

गावात ही गोष्ट कळायला रात्रही उलटली नसती. अण्णा काय म्हणतील ते मला पाठ होतं. पण आत्ता गप्प बसले तर जन्मभर गप्पच बसावं लागेल, हेही तितकंच पाठ होतं.

"सांगा त्यांना," मी म्हणाले, "बायको तिथे नोकरीला आहे म्हणून."

एवढं बोलून गेले खरी, पण मग मला वर बघवेना.