खुर्चीपासून खिडकीपर्यंत

ऑफिसात मला सगळे ‘सावलीवाली’ म्हणतात. कॅमेऱ्यानं टिपलेल्या दृश्यात कॉम्प्युटरवर बनवलेली वस्तू बेमालूम बसवायची, हे माझं काम. उजेड कुठून येतो, सावली किती गडद, कडा किती धूसर, हे जमलं की खोटं खऱ्यात मिसळून जातं.

त्या सिनेमात मला एक पांढरा कुत्रा बसवायचा होता. रिकामी खोली, एक वेताची खुर्ची, पलीकडे खिडकी. कुत्रा दारात बसून राहणार, म्हणून फोकस दारावर हवा होता. पण सातही टेकमध्ये दार धूसर आलं होतं.

दिग्दर्शकानं सगळं खापर काकांवर फोडलं. काका म्हणजे पस्तीस वर्षं कॅमेऱ्याशेजारी उभं राहून डोळ्यांत तेल घालून फोकस सांभाळणारा माणूस.

“म्हातारबांना आता दिसत नाही,” दिग्दर्शक म्हणाला. “पुढच्या वेळी दुसरं कुणीतरी बघू.”

दुपारी काका स्वतःच माझ्याकडे आले. माझ्या शेजारच्या खुर्चीच्या कडेला टेकले.

“पोरी, तू एकदा नीट बघ. माझं चुकलं असेल तर मीच थांबतो.”

फोकस किती अंतरावर होता, याची नोंद कॅमेऱ्यातच असते. प्रत्येक क्षणी त्या अंतरावर मी पडद्यावर एक राखाडी गोळा ठेवला. उजेड तपासायला आम्ही वापरतो तसला. मग दृश्य चालू केलं.

गोळा खुर्चीपाशी थांबला होता. थोड्या वेळानं खिडकीकडे निघाला. जरा सरकला, थांबला. पुन्हा सरकला, पुन्हा थांबला. खिडकीशी जाऊन स्थिर झाला.

सातही टेकमध्ये तसंच.

“काका, फोकस कुणावर ठेवला होता तुम्ही?”

“त्या बाईंवर. खुर्चीतल्या.” त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. “दोन पावलं टाकून दम खायच्या बिचाऱ्या. आजारी असूनही काम करताहेत, असं वाटलं मला. म्हणून मीही सावकाश घेत होतो.”

मी गोळा काढून टाकला. पडद्यावर रिकामी खुर्ची राहिली. काका तिच्याकडे बघत राहिले. मग चष्मा काढून पुसायला लागले.

“डोळे गेले म्हणायचे माझे.”

“डोळे गेलेल्या माणसाला सातही वेळा तीच जागा सापडत नाही, काका.”

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

त्यांना वाचवायचा एकच मार्ग मला सुचला. मी कुत्र्याला दारातून उठवलं. गोळ्याच्या वाटेवर, थोडा एका अंगाला ठेवून चालवलं. गोळा थांबला होता तिथं तिथं थांबवलं.

दिग्दर्शक पाहताच खूश झाला.

“वा! कुणाच्या तरी सोबतीनं चाललाय असं वाटतं. काकांनी मुद्दाम केलं होतं की काय हे?”

“हो,” मी म्हणाले.

काकांचं काम टिकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेवटची तपासणी करत होते. कुत्र्याचे केस मी सगळे एकाच दिशेनं, मागे वळवले होते. खिडकीशी तो थांबतो, ते दृश्य मोठं करून पाहिलं.

कानांच्या मागे केस दबले होते.

चार रेषा. बोटांएवढ्या रुंद, समांतर.

कॉम्प्युटरच्या गणितात काही चूक झाली असेल, म्हणून ते दृश्य मी पुन्हा नव्यानं तयार करून घेतलं.

चारही रेषा होत्या. फक्त हळुवारपणे थोड्या मागे, पाठीकडे सरकल्या होत्या.